घरातला धुराचा वास: उदबत्तीच्या आधी चुलीकडे बघा

मी येरमाळ्यातून बोलतोय. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: धाराशिव जिल्हा, कळंब तालुका, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. येडेश्वरी देवीचं येरमाळा म्हटलं की बहुतेकांना कळतं. मी बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि सध्या माझं ऑफिस म्हणजे आमच्या घराच्या पत्र्याच्या खोलीतलं एक टेबल आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. घरातला धुराचा वास कसा घालवायचा? दोन प्रकारची मंडळी हा प्रश्न विचारतात. एक, ज्यांच्या गावाकडच्या घरात चूल आहे किंवा होती. दुसरी, जी पुण्यात भाड्याचा फ्लॅट घेतात आणि दार उघडल्यावर कळतं की आधीचे भाडेकरू दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढत होते. दोघांचंही ऐकू. पण बोलणार मुख्यतः चुलीबद्दल, कारण ते मी जवळून बघितलंय.

आमच्याकडे हा विषय निघाला तो ताईमुळे. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ती माहेरी येणार हे ठरलेलं. तारीख जूनमधली. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "जिथं राहणार आहात, तिथं घरात चूल पेटते का?" ताईनं खरं ते सांगितलं. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा चैत्री यात्रा नुकतीच संपली होती, पाहुणे परतले होते, आणि आमच्या हातात साधारण दोन महिने होते.

तिची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली माळवदाची खोली. तिथं वर्षानुवर्षांचा धूर मुरलेला. दार उघडलं की पहिला वास तोच. आमच्या आईला तो येतच नाही, कारण नाक सरावतं. आजी तर म्हणाली, "वास न्हाई तो, घरपण हाय." तिचंही खोटं नाही. पण बाळाच्या फुप्फुसाला घरपण कळत नाही.

वास नेमका कुठे असतो?

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. धूर हवेत असतो, पण धुराचा वास भिंतीत असतो.

लाकूड, तुराट्या, गोवऱ्या जळतात तेव्हा दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे काजळीचे बारीक कण. दुसरी म्हणजे वाफेच्या रूपातली शेकडो रसायनं. लाकडाला ताठपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो तुटतो तेव्हा फिनॉल गटातली रसायनं निघतात. त्यातलं एक आहे ग्वायकोल. धुराचा जो ओळखीचा वास आपल्याला येतो, त्यात याचा मोठा वाटा. हे २०५ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा खूप वर. त्यामुळे ते हवेत फार वेळ टिकत नाही. थंड भिंत, लाकडी तुळई, वाकळ, पडदा, जे सापडेल त्यावर जाऊन बसतं. आणि मग महिनोन्‌महिने थोडं थोडं बाहेर सोडत राहतं.

म्हणून खिडकी दिवसभर उघडी ठेवली की वास गेल्यासारखा वाटतो आणि रात्री खिडकी बंद केली की परत येतो. हवा बदलली, साठा तिथंच राहिला.

पावसाळ्यात तर हमखास वाढतो. हवेतला ओलावा भिंतीत शिरतो, तिथं चिकटलेल्या रसायनांची जागा पाणी घेतं आणि ती रसायनं खोलीत सुटतात. ताईची तारीख जूनची. म्हणजे उन्हाळ्यात वास गेला असं वाटून उपयोग नव्हता, पहिल्या पावसानंतरही तो गेलेला असायला हवा होता.

आता माळवदाबद्दल दोन वाक्यं, शहरातल्या मंडळींसाठी. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अशीच जड छपरं आणि दगडाच्या भिंती कोसळून हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. आमचं घर तेव्हापासून निम्मं पत्र्याचं, निम्मं माळवदाचं. धुराच्या बाबतीत माळवदाची अडचण अशी की माती आणि लाकूड, दोन्ही धूर पिऊन घेतात.

पहिली पायरी: चूल

उदबत्ती, कापूर, धूप, रूम फ्रेशनर यांतलं काहीही वास घालवत नाही. उदबत्ती आणि धूप तर स्वतःच धूर करतात. एका धुरावर दुसरा धूर बसतो, एवढंच.

सुरुवात उगमापासून करायची. चूल त्याच खोलीत पेटत असेल तर भिंती घासणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तुम्ही म्हणाल, गॅस तर आलाय की. आलाय. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ला आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. आमच्याकडेही गॅस आहे, वर्षानुवर्षं आहे. आणि चूलही आहे. संशोधक याला इंधनांची थप्पी म्हणतात: नवं इंधन येतं, पण जुनं जात नाही. धुराचा फायदा-तोटा ठरतो तो नवं किती आलं यावर नाही, जुनं किती उरलं यावर.

मी आईला विचारलं, चूल कशाकशाला लागते ते सांग. मी वहीच काढून बसलो. ती हसली, पण सांगितलं. सकाळी आंघोळीचं पाणी. दोन्ही वेळच्या ज्वारीच्या भाकरी. जनावरांचं आंबोण शिजवणं. आणि सिलिंडर संपलं की नवीन येईपर्यंत सगळंच. वरण-भात, भाजी, चहा आधीच गॅसवर होतं.

ही यादी महत्त्वाची आहे. "चूल बंद कर" असं सांगितलं असतं तर आईनं मान हलवली असती आणि दुसऱ्या दिवशी पेटवली असती. भाकरीबद्दल तिचं म्हणणं ठाम आहे: "गॅसवर भाकरी भाजती, फुगती, पर तिला चव न्हाई." मी वाद घातला नाही. भाकरी तिची, हात तिचे.

मग एकेक कलम घेतलं. सिलिंडर संपण्याचा प्रश्न दुसरं सिलिंडर घेऊन सुटला. त्याचा खर्च माझ्याकडे. हा भाग तरुण मंडळींनी नीट ऐका. घरातली बाई चूल सोडत नाही, त्यात बऱ्याचदा हिशोब असतो. तुराट्या शेतात फुकट आहेत आणि सिलिंडरला पैसे पडतात. ते पैसे कोण देणार हे न बोलता तिला धुराचे तोटे सांगायचे म्हणजे नुसतं भाषण. आंघोळीचं पाणी, आंबोण आणि भाकरी यांसाठी चूल परसात गेली. वर पत्रा, तीन बाजू उघड्या, घराच्या पूर्वेला. पूर्वेला का? उन्हाळा-पावसाळ्यात आमच्याकडे वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं, म्हणजे धूर घराकडे न येता रानाकडे जातो. आणि चुलीच्या बाजूची खिडकी स्वयंपाकाच्या वेळी बंद.

कुणी विचारेल, बिनधुराची चूल का नाही? चांगला प्रश्न आहे. सरकारनं १९८३मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच काढला होता. त्यात नळकांड्याच्या चुली गावोगाव बसल्या. अडचण पुढं येते. धुराडं काजळीनं बुजतं, चुलीला तडे जातात, आणि कुणी साफ केलं नाही तर धूर पुन्हा खोलीत. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी अशा चुली दिलेल्या घरांचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो फायदा विरून गेला, कारण चुली वापरल्या कमी गेल्या आणि निगाही राहिली नाही. म्हणून तुमच्याकडे धुराड्याची चूल असेल तर ती वाईट नाही, पण धुराडं साफ करायचा वार ठरवून घ्या.

चूल परसात गेल्यावर मग खोलीला हात लावला.

कोरडं आधी, ओलं नंतर

काजळीवर कधीही पहिल्यांदा ओलं फडकं मारू नका. काजळी तेलकट असते. पाणी लागलं की ती पसरते आणि भिंतीच्या छिद्रांत आत जाऊन बसते. मग तो काळा पट्टा निघत नाही.

खोलीतलं सगळं सामान बाहेर काढायचं. नाकातोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावायचा. मग लांब काठीला केरसुणी बांधून वरून खाली यायचं: आधी तुळया, मग कोपऱ्यातली जळमटं, मग भिंती. चुलीच्या घरातलं जळमट म्हणजे काजळीची माळच असते. झटकायचं नाही, हलकेच ओढून घ्यायचं. खाली जुनी साडी अंथरली तर काजळी जमिनीत जात नाही. ताईला या कामाच्या दिवसांत घरी येऊ द्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. गरोदर बाई, लहान मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर तुम्हीही हेच करा.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याला हेपा फिल्टर आहे का बघा. नसेल तर बारीक काजळी मागच्या बाजूनं परत खोलीतच उडते.

ओलं काम त्यानंतर. धुता येण्यासारखी भिंत असेल, म्हणजे सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट, टाइल्स, तर खालून वर धुवत जायचं. उलटं वाटेल, पण कोरड्या मळक्या भिंतीवर वरून घाण पाण्याचे ओघळ आले की त्यांचे डाग राहतात. खालची भिंत आधीच ओली आणि स्वच्छ असेल तर ओघळ सहज पुसला जातो.

सोडा की व्हिनेगर?

इंटरनेटवर प्रत्येक व्हिडिओत हेच दोन असतात आणि बहुतेक जण दोन्ही एकत्र ओततात. छान फेस येतो. फेस येतो म्हणजे आम्ल आणि अल्क यांनी एकमेकांना संपवलं. हाती राहतं जवळजवळ खारट पाणी.

कोणतं वापरायचं हे धूर कशाचा यावर ठरतं. लाकडाच्या धुरातली फिनॉलं सौम्य आम्लधर्मी असतात. ती अल्कात विरघळतात. म्हणून चुलीच्या धुराला किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा. बादलीभर गरम पाण्यात दोन मुठी, थोडी साबणाची पावडर, हातात रबरी मोजे. काजळीतलं तेलकटपणही हाच सोडा काढतो. फक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि खिडक्यांना लावू नका, ती काळी पडतात.

आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "मंग राखेचं पानी काय वाईट हाय?" काहीच नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, तेही अल्कच. राख रात्रभर पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी घेतलं की झालं. ज्या चुलीनं भिंत काळी केली तिच्याच राखेनं ती निघते. आमच्या आज्या भांडी राखेनं का घासत होत्या, तेही यातच आलं.

आता फ्लॅटवाली मंडळी. सिगारेटच्या धुरातलं निकोटिन उलट, अल्कधर्मी असतं. त्यामुळे भिंतीवरच्या पिवळ्या थराला पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर आधी, आणि उरलेल्या चिकट डांबरासाठी साबणाचं पाणी नंतर. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, मध्ये साध्या पाण्यानं पुसून. आणि फ्लॅट घेण्याआधीच वास घ्या. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये एक अभ्यास झाला होता. धूम्रपान करणारे घर सोडून गेले, घरं साफ झाली, सरासरी दोन महिने रिकामी राहिली, तरी तिथं राहायला आलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या घरातल्या धुळीत आणि बोटांवर निकोटिन सापडलं. म्हणजे नुसता रंग मारून दिला म्हणून खोली नवी होत नाही.

एक इशारा. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

आता चुना

मातीची भिंत धुता येत नाही. तिच्यासाठी वेगळा रस्ता. चुलीमागचा जो भाग डांबरासारखा चकचकीत झाला होता, तिथला वरचा थर आम्ही खरवडून काढला आणि नवीन मातीनं लिंपला. बाकी भिंतींना चुना.

येरमाळ्याच्या माणसानं चुन्याबद्दल बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? चैत्री यात्रेत देवीची पालखी निघते आणि लाखो भाविक रानात चुन्याचे खडे वेचतात. लहानपणापासून हे बघितलंय. चुन्याचं रसायनशास्त्र मात्र कॉलेजात कळलं. भिजवलेला चुना हा जोरकस अल्क. भिंतीतली आम्लधर्मी रसायनं तो धरून ठेवतो. वर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे भिंतीवर दगडाचा पातळ थर बसतो. तरीही भिंत श्वास घेत राहते, ओल आत कोंडत नाही. मातीच्या भिंतीला ऑइल पेंट दिला तर ओल अडकते आणि एका पावसात पापुद्रे सुटतात.

कळीचा चुना भिजवताना सांभाळा. पाणी पडताच तो उकळतो आणि उडतो. डोळ्याला चष्मा हवाच, प्लॅस्टिकची बादली नको. एक रात्र भिजू द्यायचा, गाळायचा, थोडा डिंक घालायचा म्हणजे हाताला लागत नाही. पातळ तीन हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. एकच जाड हात दिला तर तो सुटतो.

तुळयांना चुना चालत नाही. तिथं सोड्याच्या पाण्याचं पिळलेलं फडकं फिरवलं. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण सागवान अल्कानं काळवंडतं. पूर्ण वाळल्यावर लाखेचं पॉलिश. सुतार त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख वास आत कोंडून ठेवते. परदेशात आगीनंतर घरं दुरुस्त करतात तिथंही लाखेचाच प्रायमर मारतात. ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून काम चालू असताना विडी, चूल, दिवा काही नको.

कपडे, वाकळा आणि आपलं फुकटचं ऊन

वाकळा, पडदे, उशा यांच्यात भिंतीइतकाच वास असतो. गरम पाणी, धुण्याचा सोडा, आणि दोन दिवस कडक ऊन. वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका. उष्णतेनं उरलेला वास धाग्यात पक्का बसतो. कापसाची गादी धुता येत नाही, ती पिंजून घ्या.

खोलीलाही ऊनच द्यायचं. दुपारी दारं-खिडक्या बंद ठेवून खोली तापू द्यायची. तापल्यावर भिंती साठवलेलं जास्त सोडतात. संध्याकाळी समोरासमोरची दारं उघडून सगळं बाहेर. असं आठ-दहा दिवस. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात याला वीज लागत नाही. एक्झॉस्ट फॅन असेल तर लक्षात ठेवा, हवा बाहेर जायला आधी कुठूनतरी आत यायला लागते. समोरची खिडकी बंद ठेवून फॅन नुसताच फिरतो.

एअर प्युरिफायर? हेपा फिल्टर कण पकडतो, वासाचे वायू नाही. त्याच्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर हवा. चुलीतला साधा कोळसा वाटीत ठेवून त्याचं काम होत नाही, कारण सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमची आतली पृष्ठभागाची जागा हजार चौरस मीटरच्या घरात जाते, साध्या कोळशाची त्याच्या जवळपासही नाही. ओझोन सोडणारी यंत्रं ऑनलाइन मिळतात, ती घेऊ नका. ओझोन स्वतः फुप्फुसाला घातक आहे.

वास नसलेला धोका

मे संपला. खोली पांढरीशुभ्र, वास नाही. मृगाचा पाऊस पडून गेला, दोन दिवस खोली बंद ठेवून दार उघडलं. ओल्या मातीचा वास आला, धुराचा नाही. ताई आली.

खरा पेच इथं उभा राहिला. आजीनं बाळंतिणीसाठी शेगडीची तयारी सुरू केली. आपल्याकडे पद्धत आहे: खोली बंद करायची, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, आणि बाळाला-बाळंतिणीला शेक आणि धुरी. आजीची सात बाळंतपणं अशीच झालेली. तिचा मुद्दाही चोख होता: "निखाऱ्याला कुठं धूर आस्तो? तूच म्हनला ना, वास नसला म्हंजी झालं?"

मी असं म्हटलं नव्हतं, पण कुणालाही तसंच वाटेल. धगधगत्या निखाऱ्याला धूर नसतो, वास नसतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. बंद खोलीत डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. मोठं माणूस निदान सांगू शकतं. नुकतं जन्मलेलं बाळ काय सांगणार? ते झोपलंय असंच सगळ्यांना वाटणार.

माझ्याकडे धुळीचे कण मोजणारा एक छोटा सेन्सर आहे. तो मी परसातल्या चुलीशेजारी ठेवला आणि आजीला मोबाइलवर आकडा दाखवला. आई भाकरी थापत होती. आकडा ५००च्या पुढं गेला, म्हणजे सेन्सरच्या भरवशाच्या मर्यादेबाहेर. पीएम २.५ कणांची जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाच्या सरासरीची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०. आजी आकड्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग हिला का बसवलं हितं?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोन महिने ताईची खोली धुतली. त्या भिंतीत जे मुरलं होतं, ते त्या भिंतीसमोर बसलेल्या माणसाच्या आतही गेलेलं असणार. भिंत खरवडता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२० या एका वर्षात घरातल्या धुरानं जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात चुलीजवळ जास्त वेळ काढणाऱ्या बायका आणि लहान मुलं यांच्यावर भार जास्त. आपल्याकडं आई सकाळी खोकते त्याला आपण "तिला सवय आहे" म्हणतो.

आजीनं शेगडी परत ठेवली. शेकासाठी तव्यावर गरम केलेलं फडकं आणि रबरी पिशवी, तेही गॅसवर, दुसऱ्या खोलीत. धुरी नाही. ओवा-बाळंतशेपा ताईच्या पोटात गेला, मुखवासातून. आजीनं स्वतःच शेजारच्या दोन घरांत जाऊन शेगडीचं सांगितलं. तिचं ऐकतात, माझं ऐकलं नसतं.

आईचं आम्ही अर्धंच करू शकलोय. आंघोळीच्या पाण्याला आता सोलर आहे. आंबोण उघड्यावर शिजतं. भाकरीची चूल अजून परसात पेटते, आई तिच्यासमोर बसते. तिची फुप्फुसांची तपासणी केली, फुंकून करायची असते ती, स्पायरोमेट्री. औषध सुरू आहे. सकाळची भाकरी हल्ली ती गॅसवर करते. "चव न्हाई" हे म्हणतच करते.

थोडक्यात

स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. धूर जिथून येतो ते आधी बाहेर काढा. मग कोरडी काजळी, वरून खाली. मग धुणं, खालून वर: लाकडाच्या धुराला सोडा, सिगारेटला व्हिनेगर. मातीच्या भिंतीला चुना, लाकडाला लाख. कापडाला आणि खोलीला ऊन. आणि वास गेल्यावरही बंद खोलीत निखारे नकोत.

आणि एक काम या आठवड्यात करा. घरी फोन लावाल तेव्हा जेवलीस का विचारता, तसं हेही विचारा: आज चुलीवर काय काय केलंस? उत्तर लिहून घ्या. त्यातलं कोणतं कलम तुमच्या पगारातून सुटतंय ते बघा.

तुमच्या घरी कोणता उपाय चालला, कोणता नाही, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. भाची मागं रडतेय, तिचा आवाज एडिट करत नाही, राहू दे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.